एकाच वेळी उघडणारी दारे

परराष्ट्र खात्यात त्यांचे खरे नाव कुणाच्या तोंडी उरले नव्हते. सगळे त्यांना कडीदादा म्हणत. वाटाघाटींच्या दालनाला समोरासमोर दोन दारे होती. यजमानांनी एका दारातून यायचे, पाहुण्यांनी दुसऱ्या, आणि दोघांचे पाऊल एकाच वेळी आत पडायचे, असा दंडक होता. मधोमध उभ्या अधिकाऱ्याने वर धरलेला हात खाली आणला की कडीदादा आपले दार उघडत आणि समोरचा शिपाई लंबू त्याचे. उभी हयात या कामात गेली, तरी मनातून त्यांना हा थोरामोठ्यांचा पोरखेळच वाटे.

त्या दिवशी मात्र गोष्ट वेगळी होती. वादळात भरकटून शेजारी देशाच्या हद्दीत गेलेल्या बोटीचे खलाशी तिकडच्या तुरुंगात होते. त्यांत कडीदादांचा जावईही होता. बैठक त्यांच्याच सुटकेसाठी होती. सकाळी लेक म्हणाली होती, "बाबा, तुम्ही तिथेच असता ना? सांगा की कुणाला तरी!"

"अगं, मी दार उघडतो, तोंड नाही."

अधिकाऱ्याने हात वर केला, आणि टेबलावरचा कललेला झेंडा दिसताच तो सरळ करायला खाली आणला. कडीदादांनी कडी ओढली.

त्या दारातून यजमानांच्या प्रमुख, सचिवबाई, आत येऊन खुर्चीवर बसल्याही. लंबूने गडबडून आपले दार उघडले, तेव्हा पाहुण्यांचे प्रमुख उंबऱ्यावरच थबकले. "आम्हाला काय दरबारात हजेरी द्यायला बोलावलंय?" एवढेच म्हणून ते माघारी वळले. त्यांच्या खोलीतून बॅगा आवरल्याचे आवाज येऊ लागले.

"उतावळा नवरा ऐकला होता," लंबू कुजबुजला, "उतावळा सासरा आजच पाहिला." मग कडीदादांचा चेहरा पाहून त्याने जीभ चावली.

अधिकारी म्हणाला, "बाई, शिपायाची चूक झाली, असं कळवून टाकू."

"माझंच चुकलं," कडीदादा पुढे झाले. "हवं तर घरी बसवा मला. पण त्यांना जाऊ देऊ नका. माझा जावई आहे हो तिकडे."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. "शिपायाचं नाव सांगितलं, तर आपण नोकराआड लपलो असं होईल. आणि दादा, त्यांनाही उद्या आपल्या लोकांना तोंड दाखवायचंय. मान खाली घालून आत आलेला माणूस आपल्याला काही द्यायला धजेल का?"

त्या एकट्याच पाहुण्यांच्या खोलीत गेल्या. उघड्या दारातून शब्द ऐकू येत होते. "मी घाई केली. ते आत येणं धरू नका. दोघंही पुन्हा येऊ या." उत्तराची वाट न पाहता बाई परतल्या, आपल्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. कडीदादांनी त्यांची खुर्ची पुन्हा टेबलाला लावली, जणू तिथे कुणी बसलेच नव्हते.

"बाई, कडी दुसऱ्या कुणाकडे देऊ?"

"तुमच्याकडेच राहू द्या."

दार लागले. पलीकडचे आवाज थांबले होते. पण माणसे थांबली होती की निघून गेली होती, ते कळेना. लंबूने फटीतून पाहिले आणि हळूच होकारार्थी मान हलवली. पाहुणे दाराशी उभे होते.

अधिकाऱ्याचा हात वर गेला. आणि वरच राहिला. कडीदादांच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तरी त्यांनी तो पुसला नाही. इतकी वर्षे ते दोन माणसांसाठी दार उघडत होते. आज प्रथमच त्यांना त्या माणसांमागे उभी असलेली घरे दिसली. इकडे एक लेक होती. तिकडेही कुणाची असेलच.

हात खाली आला. दोन्ही कड्या एकदमच वाजल्या.

संध्याकाळी जाताना बाई दाराशी थांबल्या. "सोडतायत, दादा. त्यांचे आपल्याकडे अडकलेले खलाशी आपणही सोडतोय."

जावई घरी आला तेव्हा लेक आतल्या खोलीत होती. दारावर थाप पडली. कडीदादा कडीपाशी जाऊन उभे राहिले.

"बाबा, उघडा ना! बघताय काय?"

"तू आधी पुढे ये," ते म्हणाले, आणि ती दाराशी येईपर्यंत त्यांनी कडीला हात लावला नाही.