चौकीदार सुटला काय?

रहस्यपट संपला की लोक विचारतात, खुनी कोण? आमच्या घरी बाबा विचारायचे, "चौकीदार सुटला काय?"

बाबा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला एका धान्याच्या गोदामावर चौकीदार होते. सोयाबीनची पोती चोरीला गेली आणि पोलिसांनी आधी त्यांनाच उचललं. किल्ली त्यांच्याकडे, अंगात विटका शर्ट, आणखी काय पुरावा पाहिजे? तीन दिवसांनी सोडलं. माफी कुणी मागितली नाही. खरा चोर सापडला नाही, त्यामुळे लोकांच्या मनातून बाबा कधी सुटलेच नाहीत.

पुढे काचबिंदूनं त्यांची नजर गेली. मग हिंदीत डब केलेले खुनाचे पिक्चर दादा मोबाइलवर बघायचा आणि संध्याकाळी बाबांना सांगायचा. काय सांगायचा हो! पावलांचा आवाज, दाराची कडी, सगळं तोंडानं. संशय चौकीदारावर आला की बाबा गुडघे घट्ट धरून बसायचे. शेवटी इन्स्पेक्टर चौकीदाराला हात जोडायचा. "असंच पाह्यजे," म्हणत बाबा गार झालेला चहा पिऊन टाकायचे.

मी तेव्हा वाशीमला कॉलेजात होते. माझा प्रकल्प होता रहस्यपटांच्या मांडणीवर. सुरुवातीलाच गरिबावर संशय टाकायचा, मग त्याला निर्दोष ठरवायचं, प्रेक्षकाला त्याची दया आली की शेवटी खुनी तोच निघतो. हा चकवा मला भारी हुशारीचा वाटायचा. शिकलेल्या पोरीची अक्कल, दुसरं काय!

एका रविवारी मी घरी आले असताना दादा जो पिक्चर सांगत होता, तो मी प्रकल्पासाठी तीनदा पाहिलेला. बाबांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"सुटला ना, बाबा. साहेबानं पाय धरले त्याचे," दादा म्हणाला.

"काय लबाड बोलून राह्यला, दादा!" मी खिदळले. "चौकीदारच खुनी निघते त्याच्यात. तीच तर गंमत हाय!"

दादानं माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथंच विरलं. बाबांनी चाचपडत दादाचा हात धरला.

"अन् आंधीच्या पिक्चरातले रे? ते सारे तरी सुटले होते काय?"

दादाला नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. बाबांनी हात सोडला.

अंगणात येऊन दादानं मला एवढंच विचारलं, "काहून बोलली तू?" काय सांगणार, कपाळ माझं? वर्षानुवर्षं तो प्रत्येक पिक्चरचा शेवट बदलत होता, ऐकणारा माणूस बघून. आणि मी, पिक्चरचा अभ्यास करणारी, समोर बसलेला माणूस माझ्या ध्यानातच आला नाही. अजूनही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बाबांनी पुन्हा पिक्चर विचारला नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसून एक गोष्ट रचून सांगितली. दाराची कडी वाजवली, पावलं वाजवली. चौकीदाराला सगळ्या गावासमोर निर्दोष ठरवलं, इन्स्पेक्टरला रडवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"राहू दे, माय," ते म्हणाले. "तुले लबाड बोलता येत नाई."