बाजूने दिसलेली बैठक

...तर काल जेवायची हाक आली आणि आपले मास्तर खांद्यावर बार घेऊन आरशासमोरच राहिले. बिचाऱ्यांना रात्रभर तसंच ताटकळत ठेवलं आपण. चला, आता मोकळं करू त्यांना.

हे मास्तर म्हणजे व्यायामशाळेत शिकवणारे. छाती अशी, की सदऱ्याची बटणं कायम तक्रारीत. नियम एकच: मांड्या गुडघ्यांच्या खाली गेल्या तरच बैठक धरायची. त्याच नियमावर सकाळी त्यांनी सख्ख्या मेहुण्याला स्पर्धेतून बाद केलं होतं. "ही बैठक झाली का रे? ओल्या बाकावर बसावं की नाही, असा विचार करत होतास नुसता." सगळे खो खो हसले. मेहुण्याने मान खाली घातली. स्पर्धेला पाठवायची जागा एकच, ती मास्तरांनी स्वतःकडे घेतली.

संध्याकाळी सासूबाई लेकाची बाजू मांडायला आल्या आणि बाजूच्या भिंतीकडेच्या स्टुलावर बसल्या. मास्तर मनात म्हणाले, बोलण्यापेक्षा करूनच दाखवू. बारला वजनाच्या प्लेटा चढवल्या, पोटात श्वास भरला, पाठ ताठ ठेवून खाली गेले आणि झोकात वर आले. समोर आरसा, मागे शिष्य. तिथून किती खाली गेले ते कळतं कुणाला? "वा मास्तर" झालं.

सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "जावईबापू, झालं?"

"झालं की, आई."

"मला वाटलं, अजून खाली जाल. आमचा पोरगा घरी खुर्चीपाशी दाखवत होता, तेही एवढंच होतं हो."

त्यात टोमणा नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं.

"वजन जास्त आहे ना, आई."

"मग जास्त वजनाला नियम माफ असतो का?"

मास्तरांनी प्लेटा उतरवल्या आणि पुन्हा बार घेतला. या वेळी पार खाली गेले, आणि तिथेच बसले. गुडघे आत वळले, टाचा सुटल्या, तोंड लालबुंद. मेहुण्यानेच मागून धावत येऊन काखेत हात घातले. "उठा भाऊजी, पाठ सरळ ठेवा."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. कधीतरी गुडघा दुखला तेव्हापासून मास्तर जरा वरूनच उठायला लागले होते. कुणाला सांगितलं नाही, मग स्वतःलाही सांगायचं राहून गेलं. आणि सकाळी त्याच गोष्टीवर पोराचं हसं केलं. स्वच्छ बार ते उगाच फडक्याने पुसत बसले.

"मग स्पर्धेला आता कोण जाणार, जावईबापू?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

मास्तर मेहुण्याकडे वळले, पण नजर काही वर होईना. म्हणाले, "मी नाही जात, आई, आणि यालाही पाठवत नाही. सकाळी याला हसलो, त्याची माफी सगळ्यांसमोर मागतो. पण जागा रिकामीच जाऊ दे, पूर्ण बसून आपलं आपण उठलंय कोण इथे?"