गाणं संपेपर्यंत उतरू नका

२०१७ च्या दिवाळीत, माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या हॉलमध्ये, जेवणाच्या जरा आधी, माझ्या फ्लॅटमेटच्या आत्यावर अन्याय झाला. अख्ख्या ऑकलंडात तिच्याइतक्या सढळ हातानं गाणी वाटणारं माणूस नाही, आणि आपल्या लोकांनी नेमकं तिचंच गाणं बंद पाडलं.

आत्या दिवसभर ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते आणि उरलेल्या वेळात जगाची गाणी गोळा करते. बसस्टॉपवर कुणाच्या कानात हेडफोन दिसला की खांद्यावर टिचकी मारून विचारणार, काय ऐकतोयस? सांगणाऱ्याला चकली मिळते. जुन्या वस्तूंच्या दुकानातून ती आजी-पणजीच्या काळातल्या तबकड्या उचलते. त्यात आधी बराच वेळ फोडणी तडतडते आणि मग मागून कुणीतरी बाई गायला लागते. हे सगळं ती कॅसेटवर उतरवते आणि आम्हाला तिच्या म्हाताऱ्या गाडीत ऐकावं लागतं. गाणं कुठलं, ते संपल्याशिवाय सांगत नाही. "देश कळला की तुम्ही कान बंद करता आणि मतं उघडता," म्हणते. तेव्हा गाडीचं दारही तोवर लॉक असायचं! एकदा सँडरिंगहॅमहून सामान घेऊन आलो, घर आलं, तरी आत एक बुवा घशातून एकाच वेळी दोन सूर काढत बसलेला. मी ओरडले, "आत्या, कुल्फी वितळतेय!"

"वितळू दे. कुल्फी परत मिळेल. हा आता वर चढतोय, ऐक."

बुवा मंगोलियाचा होता, हे कुल्फीचं दूध झाल्यावर कळलं.

तर त्या दिवाळीला आपल्या मंडळानं तिला गाणं ऐकवायला दहा मिनिटं दिली. तिनं शेजारच्या इरिट्रियन आजींना मुद्दाम बोलावलं आणि त्यांच्याच कॅसेटवरचं गाणं लावलं. आजींच्या आईनं आणि मावश्यांनी कधीकाळी घरच्या लग्नात म्हटलेलं. या देशात ते त्यांच्या स्वयंपाकघराबाहेर कुणी ऐकलं नव्हतं. पांढरी शाल घेऊन आजी स्पीकरजवळ उभ्या राहिल्या, टाळीसाठी हात वर केले, आणि सेक्रेटरींनी वायर उपटली. "सॉरी हं ताई, लोकांना जाम भूक लागलीये, हीप्स!" लगेच सिनेमाचं ढिंगचॅक सुरू. आजींचे हात तसेच वर.

मी भांडायला निघाले होते. आत्यानं मनगट धरलं. "राहू दे गं. गाडीकडे चल." पार्किंगमध्ये आम्ही तिघींनी ते गाणं पहिल्यापासून ऐकलं. अगदी शेवटी सगळ्या थांबतात आणि एकटाच आवाज वर जातो. आजी म्हणाल्या, "ती माझी आई."

हॉलमध्ये तिथवर कुणी पोचलंच नाही.

आत्या अजूनही सगळ्यांना लिफ्ट देते. दार मात्र आता लॉक नसतं. आयुष्यात कधी परवानगी न मागितलेली ही बाई बटणावर बोट ठेवून विचारते, "लावू का गं? कंटाळा येणार नसेल तर..."

मला ते ऐकवत नाही.

एअरपोर्टला जायचं असलं की तुम्हा सगळ्यांना तिचाच नंबर आठवतो. पुढच्या वेळी तिनं विचारलं की हो म्हणा. देश विचारू नका. आणि घर आलं तरी, शेवटचा आवाज थांबेपर्यंत, गाडीतून उतरू नका.