कुणीतरी

गावात तिला सगळे दाखवणारी म्हणत. बोटीने येणाऱ्या पाहुण्यांना ती गाव दाखवायची: आधी मोडका धक्का, मग जकातीची कचेरी, शेवटी खोबऱ्याचं गोदाम. गोदामाचं आता हॉटेल झालं होतं. पण दुपारी भिंती तापल्या की खवट तेलाचा वास अजून सुटायचा. तो झाकायला मालकाच्या मुलाने कोपऱ्याकोपऱ्यात अत्तर शिंपडून पाहिलं होतं. अत्तर हरायचं.

तिचं सांगणं रंगायचं. खोबऱ्याने गाव कसं वर आलं, धक्क्याला जहाजं कशी ताटकळायची, बायका डुगडुगत्या फळीवरून पोती कशा चढवायच्या. मग खाडी गाळाने भरली, मोठी जहाजं दुसऱ्या बंदराकडे वळली, आणि खोबरं विकणारं गाव समुद्राचा देखावा विकायला बसलं. हातवारे करत, हशा पिकवत सांगायची. गोदामात शिरल्यावर मात्र आवाज सपाट व्हायचा.

"हे बांधलं कुणीतरी," ती म्हणायची.

मग उजव्या कोपऱ्यात जाऊन आपल्या आईचं नाव घ्यायची. पूर्ण, खणखणीत.

त्या कोपऱ्यात तिची आई पोती रचायची. दुसरी जागा भाड्याने घ्यायला नको म्हणून मालक थप्पी चढवतच न्यायचा. "अजून एक थर. मावेल गं, मावेल." खालची पोती ओलसर होती. ती दबली, थप्पी कलली आणि आईवर कोसळली. हवालदार आला तेव्हा ही दाराशी उभी होती, आईची एक चप्पल हातात घेऊन.

"कोण होती?" हवालदाराने विचारलं.

"कामाला होती कुणीतरी," मालक म्हणाला, आणि जहाज भरा म्हणून ओरडला.

तो शब्द तिने गिळला नाही, थुंकलाही नाही. केस पांढरे होईपर्यंत गालात धरून ठेवला.

एकदा मालकाच्या मुलाने तिला दारातच गाठलं. "मावशी, बाबा फार थकलेत. रोज वरच्या खिडकीत बसून तुमचं ऐकतात. एकदा त्यांचं नाव घ्या की. काय बिघडतं?"

"जीभ वळत नाही हो."

"इतकं सोपं नाव आहे!"

"माझ्या आईचंही सोपंच आहे."

"मग यापुढे या दारातून आत यायचं नाही."

"बरं. रस्त्यावर उभी राहून सांगेन. उघड्यावर माझा आवाज जास्त लांब जातो."

तो चरफडला, पण दार उघडंच राहिलं. तिने आणलेले पाहुणेच त्याच्याकडे जेवायला थांबत.

पुढच्या खेपेला म्हातारा स्वतःच खाली आला. चाकाच्या खुर्चीत, कडक इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून बसवलेले; फोटो काढायला निघाल्यासारखा. तिने पाहिलं, पण बोलणं थांबवलं नाही. तिचं सांगणं गोदामापर्यंत आल्यावर त्याने कान पुढे केला.

"हे बांधलं कुणीतरी."

"मी," तो म्हणाला. "मी बांधलं."

"आजोबा काय म्हणतायत?" एका पाहुणीने विचारलं.

ती खुर्चीशी वाकली. हळूच म्हणाली, "माझ्या आईचं नाव सांगा. आत्ता. मग तुमचं घेते सगळ्यांसमोर. आडनावासकट."

म्हाताऱ्याने वर पाहिलं, थप्पी जिथवर चढायची तिथे. "उंच होती ना? लांब वेणी..."

"बुटकी होती. केस कापलेले."

"थांब. आठवेल."

"आठवायचं काय त्यात? रोज घेते मी इथे उभी राहून. खिडकीत बसून ऐकता ना?"

त्याने पुन्हा वर पाहिलं.

"तुम्ही फक्त तुमचंच ऐकायला बसायचात," ती म्हणाली. सरळ झाली, पदर झटकला.

"मावशी, कोण आहेत हे?" पाहुणीने पुन्हा विचारलं.

"हे होय? इथलेच आहेत कुणीतरी," ती म्हणाली, आणि सगळ्यांना घेऊन उजव्या कोपऱ्याकडे वळली.