दोन ब्रेकची गाडी

चिरंजीव एकोणतीस वर्षांचा होता आणि अजून मोठा होत होता. त्याच्याबद्दल बोलताना वडील कपाळाला हात लावून ‘आमचे चिरंजीव’ म्हणत. ते ऐकून ऐकून गल्लीनेही तेच नाव उचललं.

मोठं होण्याचे प्रयत्न त्याने मनापासून केले, एवढं कबूल करायला हवं. दोन वर्षं इंजिनिअरिंग, एक वर्ष फोटोग्राफी, आठ महिने बेकरीचा कोर्स. त्या कोर्समधून घराला एक केक मिळाला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो अजून वापरात आहे. मधली दोन वर्षं स्वतःला शोधण्यात गेली. शोध सगळा पलंगावरच चालला होता, तरी तो स्वतःला सापडला नाही म्हणजे कमालच.

त्याची सगळी भिस्त मोबाइलवरच्या एका लेखावर होती. माणसाचा मेंदू पंचविसाव्या वर्षी पुरता पिकतो, असं त्यात लिहिलं होतं. पंचविसाव्या वाढदिवशी चिरंजीव उठला आणि काय फरक पडतो ते बघत तासभर बसून राहिला. भूक तेवढी लागली. मग त्याने दुसरा लेख शोधला. त्यात मुदत बत्तिसाव्या वर्षापर्यंत वाढवून मिळाली होती. घरात कोणी तोंड उघडलं की तो लेख पुढे करायचा.

“मग माझा कधी पिकला रे?” धाकटी बहीण विचारायची. ती फिजिओथेरपिस्ट, वयाने पाच वर्षांनी लहान, आणि स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहणारी.

“काहींचा लवकर पिकतो.”

“आणि काहींचा झाडावरच सडतो, दादा.”

अशा या गृहस्थाला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने नोकरी देऊ केली. गावोगाव गाडीने फिरायचं, विहिरी-टाक्यांतले नमुने बाटल्यांत भरून आणायचे. आश्चर्य म्हणजे हे काम त्याला चक्क आवडलं. बाटलीवर चिठ्ठी कशी लावतात ते त्याने जेवताना दोनदा सांगितलं. अट एकच: एक तारखेच्या आत ड्रायव्हिंग लायसन्स. नाहीतर जागा दुसऱ्याला.

गाडी तर तो तीन वर्षं शिकतच होता. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. मास्तर शेजारी, मागे पाण्याची बाटली घेऊन आई.

“बाळा, सायकलवाला! बाळा, खड्डा! अरे, ती मांजर बघ!”

मास्तर पाय दाबत, गाडी थांबे. थांबायची वेळ आली की गाडी थांबते, असं चिरंजीव समजून चालला होता.

सोमवारी परीक्षा झाली. मास्तरांच्या जागी परीक्षक बसले आणि त्यांनी पाय सीटखाली दुमडून घेतले. थांबायची पांढरी रेघ जवळ आली. चिरंजीव शांतपणे वाट बघत राहिला. रेघ मागे गेली, लाल झेंडा मागे गेला आणि गाडी जुन्या टायरांच्या ढिगात शिरून उभी राहिली.

“ब्रेक का नाही दाबला?” खाली पडलेला चष्मा चाचपडत परीक्षकांनी विचारलं.

“दर वेळी आपोआप लागतो,” चिरंजीव प्रामाणिकपणे म्हणाला.

परत निघायला तिघं गाडीत बसताच आईने मास्तरांना फैलावर घेतलं. “तीन वर्षं काय शिकवलंत हो याला?”

“बाई, तीन वर्षांत यानं ब्रेकला पाय लावलेला नाही. सगळे मी दाबले. हा दाबतोय का बघत बसलो असतो, तर तुम्ही मला गाडीतून बाहेर ढकललं असतंत.”

चिरंजीवने लेख काढला नाही. फेरपरीक्षा गुरुवारी होती आणि शुक्रवारी एक तारीख. तो मास्तरांकडे वळला.

“मास्तर, तुमच्याकडचा ब्रेक काढून टाका.”

“काय?”

“काढा. आणि आई, तू उतर.”

“मी काय केलं आता?”

“उतर गं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी पान्याने पायडल सोडवलं आणि रिकाम्या मैदानात गाडी निघाली. वेग असा, की बाटली घेऊन बाजूने चालणाऱ्या आईला मध्ये मध्ये थांबून गाडीची वाट बघावी लागत होती. तिसऱ्या फेरीला तिला राहवलं नाही. “बाळा, घोटभर पाणी पी,” म्हणत ती सरळ गाडीच्या पुढ्यात आली.

गाडी आचका देऊन तिच्यापासून हातभर अंतरावर बंद पडली.

“मास्तर!” आईने छातीवर हात ठेवला. “तुमचा पाय अगदी देवासारखा धावून आला हो!”

मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात सुटं पायडल होतं.

आईने पायडलकडे बघितलं, मग मुलाकडे. तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसला होता. ब्रेकवरचा पाय उचलायची त्याची हिंमत होत नव्हती. आईने बाटली उघडली आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

गुरुवारी तो पास झाला. शुक्रवारी कामावर निघताना त्याने बहिणीला फोन केला.

“बघ, लेखात बत्तीस म्हटलं होतं. मी तीन वर्षं आधीच पिकलो!”