ओठावर उतलेला ताप

मला लहानपणापासून किळस फार. दुसऱ्याच्या टॉवेलचा वाससुद्धा सोसत नाही. घरचे मला ‘सोवळी’ म्हणून चिडवायचे, आणि नेमकं माझ्याच लेकीला इसब झालं. पापण्यांवर, कोपराच्या आत ती खाजवायची, पाणी सुटायचं, सकाळी केस गालाला चिकटलेले असायचे. मला ते बघवत नसे.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली ट्यूब मी वर्षभर चोळली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, त्यात स्टिरॉइड आहे हेही कुणी सांगितलं नाही. पोरगी उजळली म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मग कातडी इतकी पातळ झाली की पापणीवरच्या शिरा दिसायला लागल्या. शी! हे मी माझ्या हातानं केलं होतं.

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब बंद करून स्टिरॉइड नसलेलं मलम लिहून दिलं. “अगदी पातळ लावा. सुरुवातीला झोंबेल. वर पट्टी नको, ऊन टाळा, दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही. फोड दिसले तर लावणं थांबवून लगेच या, डोळ्याजवळ आहे. आणि हात धुवा.”

हात धुवा म्हणे! मला!

पंधरा दिवसांत पापण्या निवळल्या. तेवढ्यात कोडोलीहून नवऱ्याची आत्ती राहायला आली. दिवसभर दातांना मिश्री, आणि बोटं कायम काळी.

“आन की हिकडं ते मलम, टाचंला लावती जरा.”

“नाही आत्ती, ते फक्त पोरीचं आहे.”

“सोन्याचं हाय व्हय?”

दुसऱ्या दिवशी ट्यूबच्या तोंडाला काळं लागलेलं दिसलं. मी तिथल्या तिथे ट्यूब फेकली, नवी आणली, आत्तीशी बोलणं टाकलं.

त्याच आठवड्यात मला कणकण आली आणि ओठाच्या कोपऱ्यावर फोड उठले. आत्तीच आपणहून म्हणाली, “ताप उतलाय वटावर. आता गेलाच म्हण.” आमच्याकडे हे चांगलंच लक्षण मानतात. मीही सकाळ-संध्याकाळ साबणानं हात धुऊन लेकीला मलम लावत राहिले.

चार-पाच दिवसांनी तिच्या पापणीभोवती बारीक फोडांचा घोस उठला, अंग तापलं, डोळा उघडेना. रिक्षात मी वाटभर आत्तीच्या मिश्रीचा उद्धार केला. डॉक्टरीणबाईंपुढेही तेच सुरू केलं.

त्यांनी लेकीला तपासलं, मग माझ्या तोंडाकडे बोट केलं. “तुमच्या ओठावर काय आहे?”

“ताप उतलाय.”

“तो ताप नव्हे. तो संसर्ग आहे, इसबाच्या कातडीवर झपाट्यानं पसरतो. हात धुतल्यावर ओठाला लावता का?”

मी तोंड उघडलं, आणि तेव्हा कळलं की माझं बोट ओठावरच होतं. मी खपली कुरतडत होते.

औषध वेळेवर मिळालं, डोळा वाचला. माझा ओठ बरा झाला, तिचे फोड सुकले, मग डॉक्टरीणबाईंनी मलम परत सुरू करायला सांगितलं. मी तीनदा हात धुऊन लेकीपुढे बसले. तिनं तोंड फिरवलं.

“तू नको. आजीला लावू दे.”

आत्तीनं मोरीत बसून काथ्यानं बोटं घासली. काळं पुरतं गेलं नाही, पण तिनं लेकीच्या पापणीवर मलम अगदी पातळ लावलं. लेक डोळे मिटून निवांत बसली होती. मी दारात उभी होते, आणि मला माझ्याच बोटाची किळस येत होती.