प्लाझाच्या पलीकडची मॅच

किस्से जमवावे लागत नाहीत. एका जागी पुरेशी वर्षं बसलं की ते आपोआप अंगावर येऊन पडतात. आम्ही बसतो ती जागा म्हणजे आमच्या कॉलेजच्या फुटबॉल मैदानाच्या दगडी पायऱ्या. दर रविवारी! आमच्या ह्यांचं म्हणणं, एवढे रविवार देवळात घालवले असते तर एव्हाना मोक्ष मिळाला असता. इथे निदान गोल बघायला मिळतात. बहुतेक आपल्यावरच झालेले असतात, ते सोडा.

पूर्वीचे किस्से हसायचे होते. रेफ्रीच्या चष्म्याचे, गोलकीपरच्या लग्नाचे. पण संस्थेने मैदानाभोवतीची जागा एका बिल्डरला दिली आणि तिथे ‘प्लाझा’ उभा राहायला लागला. त्यानंतरचे किस्से सांगताना आपण हसतोय की दातओठ खातोय, हे माझं मलाच कळत नाही.

पायरीवरचे पक्के मेंबर आम्ही तिघं. मी बँकेतून रिटायर झालेली, सगळ्यांची परांजपेबाई. भोसल्यांचं हडपसरला स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे आणि आवाज तिथून इथे ऐकू येईल असा. तिसरे बापट. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. त्यांना हसताना मी तरी पाहिलेलं नाही.

चौथे भाऊ, म्हणजे बापटांचे थोरले बंधू. एके काळचे कॉलेजचे सेंटर फॉरवर्ड. नंतर कित्येक वर्षं त्यांनी पोरांना फुकट शिकवलं. मग पॅरालिसिसचा झटका आला आणि भाऊ अंथरुणाला खिळले. मैदानापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे त्यांची सोसायटी. वहिनींनी दुसऱ्या मजल्यावर खिडकीला लावून कॉट टाकली. तिथून अख्खं मैदान दिसायचं. भाऊंना बघण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं. आणि प्लाझा येणार होता तो नेमका मैदान आणि त्या खिडकीच्या मधे.

* * *

काम सुरू होण्याआधी संस्थेने माजी विद्यार्थ्यांची मीटिंग घेतली. एसी हॉल, बिस्किटं, आणि टेबलावर प्लाझाचं मॉडेल. काचेच्या इमारती, स्पंजची झाडं, इवल्या इवल्या मोटारी. मैदान म्हणून हिरवं कार्पेट, आणि त्यावर छत्र्यांखाली कॉफी पिणारी प्लॅस्टिकची माणसं!

बापटांनी विचारलं, “या इमारतीमागे एक खिडकी आहे. ती यात कुठे दिसत नाही.”

आर्किटेक्ट म्हणाला, “ते आपल्या प्लॉटच्या बाहेर येतं, सर.”

तोवर भोसले मॉडेलभोवती एक फेरी मारून आले होते. “गोलपोस्ट कुठं हायत?”

“ते फर्निचरमध्ये येतं. लास्ट स्टेजला.”

भोसल्यांनी समोरच्या फायलीतल्या दोन यू-पिना काढल्या, वाकवल्या आणि कार्पेटच्या दोन टोकांना खोचून टाकल्या. इतका वेळ डोळे मिटून बसलेले संस्थेचे सेक्रेटरी खुर्चीतून ताडकन उठले.

“अहो, काय करताय! मैदान खराब होतंय!”

* * *

पाया खणायला घेतला तेव्हा साइटवरून निरोप आला, पोरांना चेंडू उंच मारू देऊ नका. बापटांनी घरी जाऊन पत्र्यावर एक पाटी रंगवली आणि कुंपणाला टांगली:

‘येथे अजूनही फुटबॉल खेळला जातो. चेंडू लागल्यास, तो आपल्या आधीपासून येथे होता हे ध्यानात घ्यावे.’

चार दिवसांत पाटी गायब. बापट खूश! कुणाला तरी झोंबली म्हणाले.

पुढे प्लाझाचा तळमजला आधी उघडला आणि तिथे कॅफे आला. काय दिवे लावलेत ते बघायला आम्ही तिघं गेलो. पाहतो तर भिंतीवर चकचकीत फ्रेममध्ये बापटांची पाटी! वर स्पॉटलाइट. दोन मुली तिच्यासमोर सेल्फी काढत होत्या.

“व्हिंटेज आहे, सर,” मॅनेजर म्हणाला. “आमच्या डिझायनरने जुन्या बाजारातून शोधून आणली.”

“मी लिहिली आहे ती,” बापट म्हणाले.

“काय सांगता! मग सर, अजून एक-दोन द्या ना लिहून. टॉयलेटबाहेर लावायला काहीतरी फनी हवंच होतं.”

* * *

मॅच संपली की आम्ही भाऊंकडे चहाला जायचो. भाऊंचं बोलणं जरा जड झालं होतं, पण धार तशीच होती. चहा येईपर्यंत ते खिडकीतून पाहिलेल्या मॅचचा रिपोर्ट द्यायचे आणि आम्ही पायरीवर बसून काय काय चुकीचं पाहिलं ते सांगायचे.

प्लाझाच्या बांधकामाचा पहिला स्लॅब पडला आणि खिडकीच्या बाजूचं अर्धं मैदान झाकलं गेलं. भाऊ म्हणाले, “आज आपली टीम पलीकडच्या अर्ध्यातच खेळली वाटतं.”

दुसरा स्लॅब पडला. “आज मॅच बरी झाली. हेडर सगळे पाहिले.”

तिसरा पडला त्या रविवारी कुणी काही विचारलंच नाही. भाऊंनीच विषय काढला. “आज वर एक घार होती. सारखी ऑफसाइड.”

आम्ही हसलो. हसणं भागच होतं. स्वयंपाकघरात वहिनी नळ सोडून कितीतरी वेळ भांडी विसळत होत्या, आणि कपबश्या तर आमच्या हातात होत्या. मला तिथे बसवेना.

* * *

आमच्या टीमची एक रीत आहे. गोल झाला की गोल करणारा पोरगा भाऊंच्या खिडकीच्या दिशेने धावतो आणि हात वर करतो. आत कॉटवर भाऊ त्यांचा धड असलेला डावा हात वर करायचे. तो पोरांना खालून दिसायचा नाही, पण करायचे. नव्या पोरांना तर भाऊ कोण हेही माहीत नसतं. सिनियर करतात म्हणून तीही करतात.

खिडकी दिसेनाशी झाली, तरी रीत चालूच राहिली. त्या जागी आता पहिल्या मजल्यावर जिम आली होती. आमच्या स्ट्रायकरने गोल मारला, धावत गेला, हात वर केला, आणि काचेमागे ट्रेडमिलवर पळणाऱ्या मंडळींनी त्याला हसत हसत हात केले!

पुढच्या आठवड्यात प्लाझावर हा मोठा फ्लेक्स लागला. आमचा पोरगा, त्याचा तो वर केलेला हात, आणि खाली ओळ: ‘चॅम्पियन्सची पसंती!’

भोसले तरातरा जिममध्ये शिरले. “आवं, त्यो हात तुमच्यासाठी न्हाय! मागं आमचं गुरुजी पडून हायत, त्यांच्यासाठी हाय!”

रिसेप्शनवरच्या मुलाने सगळं नीट ऐकून घेतलं. चेहरा अगदी गंभीर. मग म्हणाला, “सर, त्यांना फिजिओची गरज असेल ना? आमच्याकडे सिनियर सिटिझन पॅकेज आहे.”

* * *

पार्किंगच्या रॅम्पने आमचा डावा कॉर्नर खाल्ला. म्हणजे रेष जिथल्या तिथे आहे, पण झेंड्याच्या मागे लगेच भिंत. कॉर्नर घ्यायचा तर पाठ भिंतीला टेकवायची आणि उभ्या जागेवरून मारायचा. दुसऱ्या टीमचे कोच येऊन भांडायचे. आमच्या पोरांनी मात्र भांडण सोडून प्रॅक्टिस केली. आमचा एक मुलगा, वाघोलीहून दोन बस बदलून यायचा, तो तर असा तयार झाला की चेंडू जागच्या जागी वळवून गोलच्या तोंडात टाकायचा. त्या कॉर्नरवर आम्ही मॅचेस जिंकलो. सेक्रेटरी भाषणात म्हणाले, “पाहा, विकासाने खेळाचं नुकसान होत नाही!”

मग एकदा मॅच शहराबाहेरच्या एका मैदानावर होती. चहूकडे मोकळं रान. आम्हाला डाव्या बाजूचा कॉर्नर मिळाला. त्या मुलाने चेंडू ठेवला, मागे वळून पाहिलं आणि तसाच चेंडूला चिकटून उभा राहिला.

“अरे, मागं जा की! केवढी जागा हाय!” भोसले ओरडले.

त्याने ऐकलं. दोन पावलं मागे गेला. तिथे थांबला, आणि परत पुढे येऊन उभ्या जागेवरूनच मारला.

* * *

वरचे मजले ऑफिसांसाठी विकायला काढले तेव्हा बापट मला म्हणाले, “परांजपेबाई, गिऱ्हाईक म्हणून जाऊन येऊ.” मला वाटलं, गंमत करताहेत. पण ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

सेल्सची मुलगी फार गोड होती. तिने आम्हाला सरळ मैदानाकडच्या काचेपाशी नेलं. “अनऑब्स्ट्रक्टेड स्टेडियम व्ह्यू, सर! मॅम, बघा ना!”

बापटांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. ते मागच्या बाजूच्या पँट्रीत गेले. तिथेही मोठी काच होती. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे अगदी डोळ्यांच्या रेषेत भाऊंची खिडकी. भाऊ उशीला टेकून आमच्याकडेच बघत होते. बापटांनी हात हलवला. भाऊंनी हलवला नाही. बापटांनी पुन्हा हलवला, जरा जोरात.

“बाहेरून आतलं काही दिसत नाही, सर,” ती मुलगी म्हणाली. “रिफ्लेक्टिव्ह ग्लास आहे. फुल प्रायव्हसी.”

बापट तिथून हलेनात. भाऊ आमच्याकडे बघतच होते, म्हणजे काचेतल्या आभाळाकडे. मी त्यांना इतकं सरळ, इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. समोर गेलं की ते आधी काहीतरी टोमणा मारतात, आणि माणूस चेहरा बघायचं विसरतो.

त्या मुलीला वाटलं, आम्हाला व्ह्यू पसंत नाही. ती समजुतीने म्हणाली, “ही साइड फ्रॉस्टेड करून देतो आम्ही. बऱ्याच क्लायंट्सना समोरचं थोडं डिप्रेसिंग वाटतं.”

* * *

त्यानंतर बापट पायरीवरून फोन लावून भाऊंना कॉमेंट्री द्यायला लागले. कॉमेंट्री भिकार होती. “चेंडू आपल्याकडे आहे. आता नाही.” एवढंच. भाऊ पलीकडून करवादायचे, पण फोन ठेवायचे नाहीत. वहिनी म्हणाल्या, आठवडाभर काही खात नाहीत, रविवारी तेवढे दोन घास जास्त जातात. डॉक्टरांनी आता फार काही सांगायचं सोडून दिलं होतं.

परवाच्या रविवारी सेमीफायनल होती. आम्ही नेहमीच्या वेळेला पोहोचलो तर मैदानावर मांडव! संस्थेने ग्राउंड फर्निचरच्या सेलला भाड्याने दिलं होतं. मॅच पुढे ढकलली, कुठल्या तारखेला ते कुणालाच माहीत नव्हतं. गोलपोस्ट काढून एका बाजूला आडवे टाकलेले. पेनल्टी एरियात डबल बेड. लाउडस्पीकरवरून सोफ्यांची वर्णनं चाललेली, कान किटले.

इतक्यात बापटांचा फोन वाजला. भाऊ.

“सुरू झाली का रे, शरद?”

बापटांनी एकदा त्या मांडवाकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मी मान खाली घातली.

“आत्ताच टॉस झाला,” बापट म्हणाले, आणि प्लॅस्टिक घातलेल्या एका सोफ्यावर बसले. “आपण उजवीकडून खेळतोय.”

मग त्या माणसाने जी कॉमेंट्री केली! जन्मभर नकाशे शिकवलेला माणूस तो. मैदानाचा कोपरान् कोपरा त्याने भाऊंपुढे उभा केला. कुणाच्या पायातून चेंडू सुटला, कुणी बुटाची नाडी बांधली, कोण धापा टाकतोय. आपल्यावर गोल झाला तेव्हा आवाज पाडला. आपण फेडला तेव्हा भोसले कपाटांच्या रांगेत उभे राहून असे आरडले की दोन गिऱ्हाइकं पळाली. मीही ओरडले. लोक बघत होते, बघोत.

सेल्समन आला. “साहेब, थ्री-सीटर बघताय का?”

बापटांनी फोनवर हात ठेवला. “हाफटाइमला बोलू.”

शेवटी आपण दोन-एकने जिंकलो. बापटांना घाम आला होता. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी मांडीवर ठेवला.

“छान खेळली रे पोरं,” भाऊ म्हणाले.

“हो.”

“शरद, एक काम कर. त्या सोफेवाल्याचा लाउडस्पीकर सकाळपासून आमच्या खिडकीत ओरडतोय. पुढच्या रविवारी जरा हळू लाव म्हणावं त्याला. मॅच नीट ऐकू येत नव्हती.”